साक्ष आणि आत्मकथन : ख्रिस्ती विद्यार्थी मंडळांच्या निमित्ताने

२५ डिसेंबर या तारखेला आमच्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात तीन अर्थ आहेत. १९२७ साली या दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. १९५४ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली; नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. आणि हा नाताळचा दिवस तर आहेच. माझे बालपण देहूरोडला गेले. सकाळी आम्ही विहारात जात असू आणि संध्याकाळी ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरून करंज्यांचे ताट येत असे. ती घरे नगर जिल्ह्यातून पोटासाठी आलेली आणि मूळची आमच्याच वाड्यांतली, महारवाड्या-मांगवाड्यांतली होती. एकाच पाणवठ्यावरून हाकललेली माणसे दोन वाटांनी गेली आणि डेपोच्या, कारखान्यांच्या गेटवर पुन्हा भेटली, असे त्या वस्तीचे चित्र होते.

पुढे मी याच पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो आणि एक प्रश्न माझ्या मागे लागला. बुद्धाच्या वाटेने गेलेल्यांच्या मुलांनी मराठी साहित्याला हादरे दिले. मग ख्रिस्ताच्या वाटेने गेलेल्यांची मुले, तीही त्याच जातींतली, शिक्षणात काही ठिकाणी आमच्याही आधी पोचलेली, गप्प का राहिली? त्यांना बोलायचेच नव्हते काय?

ती गप्प नाहीत, हे मला फार उशिरा कळले. ती दर आठवड्याला बोलतात. त्या बोलण्याला ‘साक्ष’ म्हणतात. प्रस्तुत लेखात मी या साक्षीकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहणार आहे. ज्या प्रकाराने शेकडो तरुण आपले आयुष्य ‘मी’ म्हणून सांगतात, त्याची समीक्षा झाली पाहिजे असे मला वाटते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला त्यांच्या प्रार्थनासभेला बोलावले. सभा महाविद्यालयात नव्हती. तळवड्याच्या बाजूला एका चाळीतल्या भाड्याच्या खोलीत होती. आमच्याकडे दसऱ्याला वर्कशॉपमधल्या यंत्रांना हार घालून नारळ फुटतो, कार्यालयात सत्यनारायण होतो, सरस्वतीची प्रतिमा तर कायमचीच. याला कोणी धर्म म्हणत नाही. ही ‘आपली संस्कृती’ असते. पण पाच मुलांनी रिकाम्या वर्गात डोळे मिटले की तो धर्मप्रचार ठरतो. संविधानाने धर्मस्वातंत्र्य दिले ते पंचविसाव्या कलमात. अठ्ठाविसाव्या कलमाने सरकारी पैशावरच पूर्णपणे चालणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत धर्मशिक्षण देण्यास मनाई केली. ही मनाई सर्वांना सारखी लागू व्हायला हवी, किंवा मोकळीक तरी सर्वांना सारखी हवी. भाड्याची ती खोली आमच्या धर्मनिरपेक्षतेवरची पहिली टीका होती, हे आधी नमूद करतो.

खोलीत पंचवीस-तीस विद्यार्थी होते. नर्सिंग शिकणाऱ्या मल्याळी मुली, अभियांत्रिकीची तेलुगू, तमिळ आणि ईशान्येकडची मुले, आणि भिंतीला टेकून बसलेली पाच-सहा मराठी मुले : नगर, जालना, सोलापूरकडची. गिटारवर इंग्रजी-हिंदी गाणी झाली. मराठी गाणे एकही झाले नाही. ज्या नगरच्या मंडळ्यांत रेव्हरंड टिळकांचे अभंग टाळ-मृदंगावर म्हटले जातात, तिथली ही मुले ओठ हलवत होती.

अशा मंडळांचे काम मी हलके लेखत नाही. त्यांना मोठा इतिहास आहे. भारतातील स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ सालची, कॅथलिक विद्यार्थ्यांचा अखिल भारतीय संघ १९२४ सालचा, इव्हँजेलिकल विद्यार्थ्यांचा संघ १९५४ सालचा, म्हणजे देहूरोडच्या बुद्धमूर्तीच्याच वर्षाचा. मी पाहिलेली खोली यांतल्या कोणाची होती की स्वतंत्र होती, हा इथे प्रश्न नाही. गावातून आलेल्या, कारखान्यात शिकाऊ म्हणून राबून संध्याकाळी वर्गात बसणाऱ्या मुलाला त्या खोलीत कोणी नावाने हाक मारते, आजारी पडला तर डबा आणून देते, परीक्षेची फी भरते. हे काम आमच्या विद्यार्थी संघटनांनी किती केले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

गाण्यांनंतर साक्षी झाल्या. मला बोलावणारा मुलगा उभा राहिला. तो नगर जिल्ह्यातला. मोडक्या हिंदीत त्याने सांगितले ते असे : वडील रोज दारू प्यायचे. घरात मारहाण व्हायची. मी वाईट संगतीला लागलो, चोऱ्या केल्या, दहावीला नापास झालो. आईने माझ्यासाठी प्रार्थना केली. एका शिबिरात प्रभूने माझ्या हृदयाला स्पर्श केला आणि मी माझी पापे कबूल केली. आता वडिलांची दारू सुटली आहे आणि मी डिप्लोमा करतो आहे. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटले. काहींचे डोळे ओले होते. माझेही होते, हे कबूल केले पाहिजे.

बाहेर येऊन आम्ही टपरीवर चहा घेतला. तिथे तो मराठीत बोलला. त्याचे वडील ठेकेदाराकडे गटारसफाईला जात. आत उतरण्याआधी प्यावेच लागे, कारण शुद्धीत राहून ती घाण सोसवत नसे. घराण्याची जात मांग. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. पण शहरात काम मिळाले ते हेच. माणसाला मैला साफ करायला लावण्यावर १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. गटारात माणसे उतरतच राहिली.

वडिलांची दारू एकच, पण दोन ठिकाणी तिचे कारण वेगळे. साक्षीत दारूचे कारण पाप होते. टपरीवर ते गटार होते. साक्ष आणि दलित आत्मकथन यांच्यातले सारे अंतर माझ्या मते या एका जागी मावते.

दोन्ही प्रकारांचे बाह्य रूप सारखे आहे. दोन्हींत ‘मी’ आहे, दोन्हींत लाजेची जाहीर कबुली आहे, दोन्हींत पूर्वायुष्य आणि नवे आयुष्य असा छेद आहे. दया पवारांच्या ‘बलुतं’मधला (१९७८) दगडूही आपल्या आयुष्यातली लाज लपवत नाही. प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) : या सर्वांत मनुष्य स्वतःला उघडे करतो. पण आत्मकथनात लाज सांगता सांगता ती कोणाची आहे, याचा निवाडा होतो. भूक माझी, पण गुन्हा गावाचा. साक्षीत निवाडा आधीच झालेला असतो. गुन्हेगार ‘मी’, न्यायाधीश देव, आणि गाव, ठेकेदार, जात यांना न्यायालयात बोलावणेच जात नाही. आत्मकथनातला ‘मी’ फिर्यादी असतो. साक्षीतला ‘मी’ नाव साक्षीचे घेऊन आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो.

बाबासाहेबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयीचे त्यांचे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ साली समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखवले आहे की, हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले जाते, तुझी दशा पूर्वकर्मामुळे. ख्रिस्ती झाल्यावर सांगितले जाते, माणसाचे पतन मूळ पापामुळे. दोन्ही उत्तरांत समाजव्यवस्था निर्दोष सुटते. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींचा आपल्यावर विलक्षण प्रभाव असल्याचे त्यांनी सांगितले आणि त्याच भाषणात, सामाजिक अन्याय दूर करण्यासाठी तुम्ही समाज म्हणून लढला नाहीत, असेही सुनावले. ख्रिस्ताविषयी आदर आणि ख्रिस्ती समाजाविषयी तक्रार या दोन्ही गोष्टी एकाच भाषणात होत्या. आमच्यातले काही जण त्यातली तक्रार तेवढी पाठ करतात.

आता कोणी म्हणेल, मराठी ख्रिस्ती साहित्याला तर मोठी परंपरा आहे. आहे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने आली आणि मराठी गद्याचे लेणे ठरली. पंडिता रमाबाई, नीलकंठशास्त्री गोरे, नारायण वामन टिळक यांची नावे प्रत्येक वाङ्मयेतिहासात सापडतात. परंतु ही नावे कोणत्या घरांतून आली ते पाहावे. टिळक, रमाबाई, गोरे ब्राह्मण, पदमनजी कासार. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मात्र भरल्या त्या महार-मांगांनी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. देहूच्या शेजारी राहणाऱ्या मला हे वाक्य फार आवडते. पण गावातला महार आणि मांग कोणत्या पुलावरून गेला? तो दुष्काळातून गेला, वेठबिगारीतून गेला, मुलाला शाळेत बसू देतील या आशेने गेला. त्या पुलाचे वर्णन मराठीत ठळकपणे कोणी लिहिलेले नाही.

‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई आपल्या मनातला विटाळ कसा झडत गेला ते अतिशय प्रांजळपणे सांगतात. तो भाग मी दरवर्षी वर्गात वाचतो आणि मुले हसतात, भारावतात. पण जिच्या हातचे पाणी घ्यायला त्यांना इतकी वर्षे लागली, त्या बाईला त्या वर्षांत काय वाटत होते? विटाळ टाकणारीचे पुस्तक आपल्याजवळ आहे. जिच्यावर तो टाकला होता तिचे पुस्तक नाही. ही लक्ष्मीबाईंवर टीका नव्हे. त्यांनी आपले सांगितले. दुसरे पान कोणी लिहावयाचे होते?

विशेष म्हणजे ते पान एकदा सुरू झाले होते. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो छापला मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ने. ती ख्रिस्ती नव्हती. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. विद्यार्थ्याच्या धार्मिक जीवनाविषयी मराठीत याहून थोर लेखन मला माहीत नाही. तिने देवासमोर पाप कबूल केले नाही. देवाला आणि समाजाला जाब विचारला. ख्रिस्ती नियतकालिकाने ते छापण्याचे धैर्य दाखवले होते. तळवड्याच्या खोलीतल्या मुलांना मी मुक्ताचे नाव विचारले. कोणालाही माहीत नव्हते. आमच्या मुलांना माहीत असते, पण ते ‘ज्ञानोदया’त आले हे माहीत नसते. दोघांनीही तिला अर्धेच ठेवले आहे.

मुक्तानंतर हा प्रवाह आटला त्याला केवळ धर्मशिकवण जबाबदार आहे, असे म्हणणे मात्र सोपे आणि खोटे होईल. टपरीवर मी त्या मुलाला विचारले, “हे तू आत का नाही सांगितलेस?” तो म्हणाला, “सर, तिथं जात काढली तर सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. आणि माझं सर्टिफिकेट?”

त्या एका शब्दात कायदा बोलला. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले आणि १९९० साली, दीर्घ लढ्यानंतर, बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. महाराष्ट्रात असे ख्रिस्ती इतर मागासवर्गात मोजले जातात. पण त्यांना अनुसूचित जातींच्या जागा नाहीत आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. परिणामी मुलगा रविवारी एक असतो आणि प्रवेशाच्या अर्जावर दुसरा. कागदावर ‘हिंदू मांग’, घरात बायबल. अशा माणसाने आत्मकथन लिहायचे कसे? आत्मकथनाला सही लागते. त्याची सही हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

सूसाई यांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचावे. मद्रासच्या या चर्मकाराला ख्रिस्ती म्हणून सरकारी टपरी नाकारली गेली होती. धर्मांतरानंतरही जात उरते एवढे दाखवून भागणार नाही. नव्या धर्मातही अस्पृश्यतेचे चटके पूर्वीइतकेच तीव्र आहेत हे दाखवा, तसा भक्कम आधार आमच्यासमोर नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय. म्हणजे न्यायालय पुरावा मागते, आणि पुरावा लिहील त्याचे प्रमाणपत्र जाते. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची ही अट काढण्याची शिफारस केली. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोग अहवाल लिहितात. ज्याने भोगले तो लिहू शकत नाही.

तरीही लिहिणारे निघतात. १९८१ साली अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात दिलेल्या व्याख्यानातून पुढे दलित ईशज्ञानाची चळवळ उभी राहिली. ‘दलित’ हा शब्द आमच्या मातीतला. पण ती मांडणी इंग्रजीत झाली आणि मी पाहिलेल्या मराठी मुलांपर्यंत तिचे नावही पोचलेले नव्हते. १९९२ साली तमिळमध्ये बामा यांचे ‘करुक्कु’ आले. जोगीण होऊन मठात राहिलेल्या या दलित ख्रिस्ती स्त्रीने चर्चमधल्या जातीचा पंचनामा मांडला, आणि तोही ख्रिस्तावरची श्रद्धा न टाकता. साक्ष आणि आत्मकथन एकाच पुस्तकात नांदू शकतात, याचे ते प्रमाण आहे. साक्षीत फिर्याद बसत नाही, हा त्या प्रकाराचा जन्मजात दोष नव्हे. गरिबाची बाजू घेऊन धनवंतांना जाब विचारणारे संदेष्टे बायबलातच आहेत. त्यांना त्या खोलीत कोणी बसू देत नाही एवढेच.

इथवर मी ख्रिस्ती मित्रांविषयी लिहिले. आता आमच्याविषयी. दलित साहित्य केवळ दुःखातून जन्मले नाही. त्याला जागा मिळाली. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथे शिक्षक होते, वसतिगृह होते, नियतकालिक होते, आणि ‘तू जे भोगलेस तेच लिही’ असे म्हणणारी माणसे होती. ख्रिस्ती मुलाला भाड्याच्या खोलीत संगती मिळाली, पण असा संपादक मिळाला नाही. तो आम्ही व्हायला हवे होते.

टपरीवरच्या त्या संध्याकाळनंतर मी त्या मुलाला १४ एप्रिलच्या आमच्या भित्तिपत्रकासाठी लिहायला सांगितले. नाव घालू नकोस म्हणालो. त्याने चार पाने लिहून आणली. बैठकीत एक कार्यकर्ता त्याच्याकडे पाहून म्हणाला, “आधी गळ्यातला क्रूस काढ, मग बाबासाहेबांच्या अंकात लिही.” दोघे हसले. मी अध्यक्षस्थानी होतो. मला बोलता आले असते. महाडचे, देहूरोडचे सगळे दाखले मला तोंडपाठ होते. मी पुढचा विषय घेतला. मुलाने पाने घडी करून खिशात ठेवली. पुढे त्याने डिप्लोमा पूर्ण केला आणि चाकणला कंत्राटी कामाला लागला, एवढे कळले.

ती पाने मी वाचलेली नाहीत. त्यात दारूचे कारण पाप होते की गटार, हे मला माहीत नाही. या लेखात मी साक्षीवर जो आक्षेप घेतला, तो त्या पानांनी कदाचित खोटाही पाडला असता. साक्षीत त्याच्या जातीला जागा नव्हती आणि आमच्या अंकात त्याच्या क्रूसाला नव्हती. गप्प बसवण्याच्या कामात त्या खोलीत आणि आमच्या बैठकीत मला फरक दिसत नाही.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना, शिक्षकांना माझे सांगणे थोडेच आहे. आपल्या महाविद्यालयात अशी मंडळे असतील तर तिथे जा, आणि वाद घालायला जाऊ नका, ऐका. त्या मुलांपुढे मुक्ता साळवेचा निबंध वाचा. ख्रिस्ती मंडळांनीही साक्ष देणाऱ्याला एकच जादा प्रश्न विचारावा : वडील का पीत होते? आणि आपल्या अंकांत निनावी लेखनाला जागा ठेवा, कारण ज्याची सहीच कायद्याने हिसकावली आहे त्याच्याकडे सहीचा हट्ट धरणे अन्याय आहे. धर्म बदललेल्यांना ‘पळालेले’ म्हणण्याचा अधिकार निदान आम्हाला नाही. आम्हीही धर्म बदलूनच माणसे झालो.

येत्या २५ डिसेंबरला मी नेहमीप्रमाणे देहूरोडला जाईन. तिथून चाकणला जाऊन त्या मुलाला शोधायचे ठरवले आहे. पाने अजून त्याच्याजवळ असतील तर मागून घेईन.